बेर्गतात्त (अल्बम)

'बेर्गतात्त' हा 'उल्व्हर' या नॉर्वेजियन बँडचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम आहे. तो १९९५ मध्ये 'हेड नॉट फाउंड' या नॉर्वेजियन ध्वनिमुद्रण संस्थेने प्रकाशित केला. अल्बमच्या उपशीर्षकाचा अर्थ 'पाच प्रकरणांतील एक अद्भुतकथा' असा होतो, आणि त्यातील पाच गीतांना गीत न म्हणता प्रकरण असेच म्हटले आहे. अरण्यात वाट चुकलेली एक तरुणी डोंगराच्या पोटात राहणाऱ्या अदृश्य शक्तींच्या भुलावणीला बळी पडते, अशी ही कथा आहे. अल्बमचा एकूण अवधी सुमारे ३४ मिनिटांचा आहे.

संगीतप्रकाराच्या दृष्टीने 'बेर्गतात्त' हा ब्लॅक मेटल या अतितीव्र मेटल संगीताच्या शाखेत मोडतो. मात्र या शाखेत एरवी क्वचितच आढळणारे शांत, समूहगानासारखे गायन, साध्या गिटारची संगत, बासरी आणि पियानो यांचा त्यात मोठा वाटा आहे. आक्रोश आणि अंगाईसारखा हळुवारपणा एकाच कथेच्या सूत्रात ओवण्याच्या या प्रयत्नामुळे हा अल्बम नॉर्वेतील ब्लॅक मेटलच्या उल्लेखनीय पदार्पणांपैकी एक मानला जातो.

पार्श्वभूमी: नॉर्वेतील ब्लॅक मेटल

ब्लॅक मेटल हे नाव 'व्हेनम' या इंग्लिश बँडच्या १९८२ मधील अल्बमवरून रूढ झाले. पुढे स्वीडनमधील 'बॅथरी' या बँडने या संगीताला उत्तर युरोपातील थंडी, काळोख आणि पुराणकथा यांची जोड दिली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी नॉर्वेत 'मेहेम', 'डार्कथ्रोन', 'बुर्झुम', 'इम्मॉर्टल' आणि 'एम्परर' या बँडनी या संगीताला जे रूप दिले, तेच पुढे जगभर ब्लॅक मेटलचे प्रमाण रूप ठरले.

या रूपाची काही ठळक लक्षणे आहेत. गिटारवर एकच स्वर अतिशय जलद गतीने पुन:पुन्हा छेडला जातो. त्यामुळे सुटे स्वर ऐकू न येता एक सलग, थरथरणारी स्वररेषा तयार होते. याला ट्रेमोलो वादन म्हणतात. ड्रमवर अखंड, अतिजलद आघात केले जातात. त्यांना ब्लास्ट बीट म्हणतात. गायन म्हणजे बहुतांशी कर्कश किंचाळी असते. ध्वनिमुद्रण अनेकदा मुद्दाम खरखरीत ठेवले जाते, जणू आवाज दुरून, वादळातून येत असावा.

या संगीताला काळी किनारही होती. जून १९९२ मध्ये बर्गन शहराजवळील फान्तोफ्त येथील लाकडी चर्च जाळण्यात आले आणि त्यानंतर अशा जाळपोळीच्या अनेक घटना घडल्या. ऑगस्ट १९९३ मध्ये 'मेहेम'चा गिटारवादक ओय्स्टीन ऑर्सेथ याचा ओस्लो येथे खून झाला. मे १९९४ मध्ये 'बुर्झुम'चा निर्माता वार्ग विकर्नेस याला या खुनाबद्दल आणि चर्चच्या जाळपोळीबद्दल २१ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. जगभरातील वृत्तपत्रांत नॉर्वेच्या ब्लॅक मेटलची ओळख झाली ती प्रामुख्याने या गुन्ह्यांच्या बातम्यांतून. 'बेर्गतात्त' त्यानंतर काही महिन्यांतच तयार झाला. त्याच्या केंद्रस्थानी मात्र सैतान, युद्ध वा विध्वंस नसून लोककथेतील एक वाट चुकलेली मुलगी आहे.

लोकपरंपरेकडे वळणारा 'उल्व्हर' हा एकटाच बँड नव्हता. 'एन्स्लेव्हड' आणि 'सॅटिरिकॉन' यांचे १९९४ मधील पहिले अल्बम अनुक्रमे व्हायकिंग काळाकडे आणि मध्ययुगाकडे पाहणारे होते. 'बुर्झुम'ने आपल्या अल्बमच्या आवरणांवर थिओडोर किट्टेलसेन (१८५७–१९१४) या नॉर्वेजियन चित्रकाराची चित्रे वापरली होती. ट्रोल, जलपिशाच्च आणि महामारी यांची किट्टेलसेनने काढलेली चित्रे नॉर्वेतील प्रत्येक घराला परिचित आहेत. 'उल्व्हर'चे वेगळेपण हे की, त्यांनी लोककथेचा उपयोग केवळ वातावरणासाठी न करता अल्बमची रचना, भाषा आणि गायन या तिन्ही गोष्टी तिच्या आधारे ठरवल्या.

बँड आणि कलाकार

'उल्व्हर' या शब्दाचा नॉर्वेजियन भाषेतील अर्थ 'लांडगे' असा आहे. हा बँड १९९३ मध्ये ओस्लो येथे स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने 'वार्गनात्त' हे प्राथमिक ध्वनिमुद्रण वितरित केले. त्यातच लोकसंगीताच्या छटा आणि स्वच्छ गायन यांचे बीज दिसते.

'बेर्गतात्त'मधील कलाकारांनी त्या काळच्या रूढीप्रमाणे टोपणनावे धारण केली होती. गायक क्रिस्टोफर रिग हा 'गार्म' या नावाने ओळखला जाई. नॉर्स पुराणकथांत गार्म हा मृत्युलोकाच्या द्वारी असलेला श्वान आहे. बासवादकाचे 'स्कोल' हे नाव सूर्याचा पाठलाग करणाऱ्या लांडग्याचे आहे. गिटारवादन होवार्ड योर्गेनसेन आणि 'आइस्माल' यांचे असून ड्रमवादक 'ऐवारिकियार' या नावाने नोंदला आहे. पाहुण्या कलाकारांत बासरीवादक लिल कॅथरिन स्टेन्सरुड आणि 'आर्क्टुरस' या बँडमधील 'स्वेर्ड' हा पियानोवादक यांचा समावेश आहे.

रिग याचा जन्म १९७६ मधील. म्हणजे अल्बम तयार होत असताना तो अवघा १८ वर्षांचा होता. या वयाचा परिणाम अल्बममध्ये दोन प्रकारे जाणवतो. एकीकडे पूर्वजांच्या भाषेत लिहिण्याची, कथेला प्रकरणांत बांधण्याची महत्त्वाकांक्षा तरुणाईची आहे. दुसरीकडे वादनातील काही ठिकाणचा कच्चेपणाही त्याच वयाचा आहे.

शीर्षकाचा अर्थ आणि लोकश्रद्धा

'बेर्ग' म्हणजे डोंगर आणि 'तात्त' म्हणजे नेलेला किंवा घेतलेला. 'बेर्गतात्त' या शब्दाचा मूळ अर्थ 'डोंगराने नेलेला' असा होतो. आजच्या नॉर्वेजियन भाषेत हाच शब्द 'मंत्रमुग्ध' या अर्थाने सर्रास वापरला जातो. सुंदर दृश्य किंवा उत्तम गायन यांनी भारावून गेलेल्या माणसालाही बेर्गतात्त म्हणतात. भयाचा शब्द अशा रीतीने मोहाचा शब्द झाला. परंतु मुळात भय आणि मोह या दोन्ही गोष्टी त्यात एकत्रच होत्या.

नॉर्वेच्या लोकश्रद्धेनुसार डोंगरांच्या आणि जमिनीच्या पोटात एक अदृश्य समाज नांदतो. त्यात ट्रोल आहेत, डोंगरांचे राजे आहेत, आणि 'हुल्द्रा' नावाची रूपवान स्त्रीही आहे. पाठीमागे लपवलेल्या गाईच्या शेपटीवरून तिची ओळख पटते. हा समाज माणसांना, विशेषत: तरुण मुलींना, नववधूंना आणि उन्हाळ्यात उंचावरील कुरणांत गुरे राखणाऱ्या गवळणींना भुलवून आत नेतो. आत दिलेले अन्न खाल्ले की परतीची वाट बंद होते. काही जण परत येतात, पण त्यांचे मन पूर्वीसारखे राहत नाही. आपल्याकडे रानात 'चकवा लागणे' म्हणतात, त्यात माणूस एकाच जागी फिरत राहतो. बेर्गतात्त झालेल्या माणसाला मात्र चकव्याच्या पलीकडे एक पूर्ण दुसरे जग गिळून टाकते.

अशा माणसाची सुटका कशाने होते, याविषयीही लोकश्रद्धेचे निश्चित मत होते: एक म्हणजे त्याच्या डोक्यावरून पोलाद फेकणे, आणि दुसरे म्हणजे चर्चच्या घंटांचा नाद. हरवलेल्या माणसासाठी घंटा वाजवल्या, तर डोंगराची पकड सुटते, असे मानले जाई. हेन्रिक इब्सेन याच्या 'पेअर गिंट' (१८६७) या नाट्यकाव्यातही डोंगरराजाच्या दालनात सापडलेला नायक दूरवरच्या चर्चच्या घंटा वाजल्यामुळे वाचतो. एडवर्ड ग्रीग याने या नाटकासाठी रचलेले संगीत जगप्रसिद्ध आहे. 'मार्गित युक्से' या जुन्या नॉर्वेजियन लोकगीतातील मुलीलाही डोंगरराजाने नेलेले असते.

म्हणजे या विषयाची परंपरा जुनी आणि प्रतिष्ठित आहे. पेतर ख्रिस्तेन आस्ब्योर्नसेन आणि योर्गेन मो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोककथा संकलित करून छापल्या, तेव्हापासून ती नॉर्वेच्या शालेय आणि राष्ट्रीय वाङ्मयाचा भाग आहे. ज्या काळात ब्लॅक मेटलशी जोडलेल्या तरुणांनी चर्चना आगी लावल्या, त्याच काळात त्याच संगीतातून अशी कथा सांगितली गेली, की जिच्या लोकपरंपरेत चर्चची घंटा हीच हरवलेल्यांची शेवटची आशा होती. हा विरोधाभास अल्बम समजून घेताना ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

प्रकरणे आणि कथानक

अल्बममधील पाच प्रकरणांची नावे आणि त्यांचा आशय पुढीलप्रमाणे आहे.

१. 'ई त्रोल्डस्कोग फारेन विल्ड' (ट्रोलांच्या अरण्यात वाट चुकलेली, सुमारे ८ मिनिटे): कथेचा आरंभ. मुलगी अरण्यात वाट चुकते.

२. 'सोलेन गोर बाग ओसे नेद' (सूर्य टेकडीआड मावळतो, सुमारे साडेसहा मिनिटे): प्रकाश संपतो आणि अरण्याचे रूप पालटते.

३. 'ग्रोब्लिक ब्लेव हून वार' (करडी नजर तिला जाणवली, पाऊणे आठ मिनिटे): आपल्यावर कोणाची तरी दृष्टी खिळली आहे, याची तिला जाणीव होते.

४. 'एन स्तेम्मे लोकर' (एक आवाज भुलवतो, ४ मिनिटे): भयाची जागा मोह घेतो. हे सर्वांत लहान आणि सर्वांत शांत प्रकरण आहे.

५. 'बेर्गतात्त – इन्द ई फ्येल्डकाम्रेने' (डोंगराने नेलेली – गिरिदालनांत, सुमारे ८ मिनिटे): डोंगर उघडतो आणि ती आत जाते.

केवळ शीर्षके वाचली तरी कथेचा आलेख स्पष्ट होतो. आधी पायवाट नाहीशी होते, मग प्रकाश, मग एकटेपणा आणि शेवटी इच्छाशक्ती. लोककथेतील भुलावणीचा हा क्रम आहे. त्यात कोठेही बळजबरी नाही. माणूस एकेक आधार गमावत जातो आणि अखेरचे पाऊल स्वत:च टाकतो. म्हणूनच सर्वांत भयंकर प्रसंगाच्या आधी येणारे चौथे प्रकरण सर्वांत मृदू आहे.

भाषा

अल्बमचे शब्द आजच्या नॉर्वेजियन भाषेत नाहीत. ते जुन्या दानो-नॉर्वेजियन ग्रंथभाषेच्या वळणावर लिहिले आहेत. १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कशी राजकीयदृष्ट्या जोडलेला होता आणि शतकानुशतके लेखनाची भाषा डॅनिश होती. बर्गन येथे जन्मलेला आणि कोपनहेगन येथे लिहिणारा नाटककार लुडविग हॉल्बर्ग (१६८४–१७५४) हा त्या सामाईक ग्रंथभाषेचा सर्वांत प्रसिद्ध लेखक होय. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेने स्वत:ची लेखनभाषा घडवण्यास आरंभ केला, आणि त्यातूनच आजची बोकमोल आणि नीनोश्क ही दोन प्रमाण रूपे निर्माण झाली.

'बेर्गतात्त'च्या लेखनात या जुन्या भाषेच्या खुणा ठळक आहेत. 'प्रकरण' या शब्दात आज जेथे के हे अक्षर येते तेथे सी वापरला आहे. दीर्घ ओकारासाठी नॉर्वेत १९१७ मध्ये वलयांकित ए हे स्वतंत्र अक्षर स्वीकारले गेले. अल्बममध्ये मात्र त्याऐवजी जुन्या पद्धतीने ए हे अक्षर दोनदा लिहिले आहे. स्वरांची आणि व्यंजनांची अनावश्यक द्विरुक्तीही केली आहे. आजच्या मराठी लेखकाने बखरींच्या वळणाची भाषा आणि जुने शुद्धलेखन धारण करून कथा लिहावी, तसा हा प्रकार आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रकरणांची नावे डॅनिश वळणाची असली, तरी अल्बमचे मुख्य नाव तसे नाही. डॅनिशमध्ये या अर्थाचा शब्द वेगळ्या रूपात लिहिला जातो. 'बेर्गतात्त' हे रूप निखळ नॉर्वेजियन आहे. म्हणजे नाव आजच्या बोलीतील आणि कथा मात्र जुन्या ग्रंथातील, अशी ही जोडणी आहे. ही भाषा कोणा एका शतकाची काटेकोर प्रतिकृती नाही. ती जुनेपणाचा आभास निर्माण करणारी रचलेली भाषा आहे, आणि तिचे कार्य ऐतिहासिक अचूकतेपेक्षा वाङ्मयीन परिणामाचे आहे.

त्या काळी अनेक नॉर्वेजियन बँड परदेशी श्रोत्यांसाठी इंग्रजीत गात असत. परदेशी श्रोत्याला तर सोडाच, स्वदेशीय श्रोत्यालाही विचार करायला लावील अशी भाषा निवडणे हा व्यवहारदृष्ट्या गैरसोयीचा निर्णय होता. परंतु लोककथा तिच्याच वळणाच्या भाषेत सांगावी, ही भूमिका त्यामागे दिसते.

संगीत

संगीताच्या दृष्टीने या अल्बमचा विशेष म्हणजे कथेतील प्रसंगानुसार बदलणारा आवाज. पहिल्या प्रकरणात गिटारचे ट्रेमोलो वादन आहे, पण त्यावर येणारे गायन किंचाळीचे नाही. एकाच गायकाचे अनेक आवाज एकावर एक रचून साधलेले ते संथ समूहगान आहे. त्यातील स्वरावली मठातील प्रार्थनेसारखी सपाट आणि लांबणारी आहे. ब्लॅक मेटलची वाद्ये आणि प्रार्थनेचा कंठ यांचा हा संयोग ऐकताच या अल्बमची जात कळते.

दुसऱ्या प्रकरणात बासरीच्या शांत सुरावटीनंतर एकाएकी ड्रम आणि किंचाळी यांचा प्रचंड आघात होतो. सूर्य मावळल्याची बातमी शब्दांपेक्षा या आघातातून अधिक पोहोचते. येथे कर्कशता हा केवळ संगीतप्रकाराचा रिवाज राहत नाही. ती कथेतील एका विशिष्ट क्षणाची भाषा होते. शांत आवाज म्हणजे निवेदक, आणि किंचाळी म्हणजे अरण्य, अशी विभागणी श्रोत्याच्या मनात हळूहळू तयार होते; पुढे ती मुद्दाम धूसरही केली जाते.

तिसऱ्या प्रकरणात वाद्यांचा गदारोळ मध्येच थांबतो. पियानोचे मोजके सूर आणि अरण्यातून धावणाऱ्या पावलांचा आवाज एवढेच उरते. नभोनाट्यात शोभावे असे हे दृश्य आहे. ना गायन, ना शब्द; तरीही मुलीची अवस्था या भागात सर्वाधिक स्पष्ट होते. पाठलाग कोण करीत आहे हे दाखवले जात नाही, फक्त पळणे ऐकू येते.

चौथे प्रकरण मुख्यत: साध्या गिटारवर आणि हळुवार गायनावर उभे आहे. पाचव्या प्रकरणात वेग आणि आक्रोश परत येतो, पण शांत भागही त्याला लागूनच येतात. संगीत एकाच टोकाला न राहता दोन टोकांमध्ये हेलकावत राहते.

ध्वनिमुद्रणाचा पोत खरखरीत असला तरी त्या काळच्या अनेक ब्लॅक मेटल अल्बमांइतका दुर्बोध नाही. साध्या गिटारचे स्वर स्वच्छ ऐकू येतात आणि तीव्र भागांतही सुरावट हरवत नाही. लोकगीतांप्रमाणे लहान, पुनरावृत्त आणि सहज लक्षात राहणाऱ्या सुरावटी हे त्याचे एक कारण आहे.

त्रयीतील स्थान

'बेर्गतात्त'नंतर 'उल्व्हर'ने दोन अल्बम काढले आणि या तिघांची मिळून एक त्रयी मानली जाते. दुसरा अल्बम 'क्वेल्डसांगेर' (१९९६) याचा अर्थ 'संध्यागीते' असा आहे. त्यात विद्युत गिटार आणि किंचाळी पूर्णपणे वगळून साधी गिटार, चेलो आणि समूहगान एवढ्यांवरच रचना बेतली आहे. तिसरा अल्बम 'नात्तेन्स माद्रिगाल' (१९९७) हा याच्या नेमका उलट आहे. माणसातील लांडग्याला उद्देशून रचलेली आठ स्तोत्रे असे त्याचे उपशीर्षक सांगते, आणि त्याचे ध्वनिमुद्रण कमालीचे कर्कश आहे.

या दोन अल्बमांच्या संदर्भात पाहिले की 'बेर्गतात्त'चे स्थान स्पष्ट होते. त्यात जे दोन प्रवाह एकत्र वाहत होते, ते पुढे वेगवेगळे करून प्रत्येकाला त्याच्या टोकापर्यंत नेण्यात आले. दुसरा अल्बम केवळ संध्याकाळ आहे, तिसरा केवळ रात्र. पहिल्यात मावळतीचा तो क्षण आहे, जेव्हा दोन्ही एकत्र असतात. 'सेंच्युरी मीडिया' या संस्थेने १९९७ मध्ये तिन्ही अल्बम एका संचात प्रकाशित केले. याच संस्थेने २०१४ मध्ये 'त्रोल्स्क सोर्तमेतल' या नावाने १९९३ ते १९९७ या काळातील ध्वनिमुद्रणांचा संच काढला. या नावाचा अर्थ 'ट्रोलमय ब्लॅक मेटल' असा होतो.

बँडची पुढील वाटचाल

'बेर्गतात्त'मुळे ज्या श्रोत्यांना 'उल्व्हर'विषयी अपेक्षा निर्माण झाल्या, त्यांची पूर्ती त्यांच्या कल्पनेप्रमाणे झाली नाही. विल्यम ब्लेक या इंग्लिश कवीच्या 'स्वर्ग आणि नरक यांचा विवाह' या अर्थाच्या ग्रंथावर आधारित १९९८ मधील अल्बमपासून बँडने इलेक्ट्रॉनिक संगीताची वाट धरली. १९९९ मधील 'मेटामॉर्फोसिस' या लहान ध्वनिमुद्रिकेच्या पुस्तिकेत बँडने जाहीर केले की, आपण ब्लॅक मेटल बँड नाही आणि तशी ओळख आपल्याला नको. त्रयीतील पहिल्या आणि तिसऱ्या अल्बमचे त्या संस्कृतीशी असलेले नाते त्यांनी नाकारले नाही. पण ते अल्बम म्हणजे निष्कर्ष नसून पुढे जाण्यासाठीच्या पायऱ्या होत्या, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतर 'पर्डिशन सिटी' (२०००) सारखे शहरी, चित्रपट-संगीताच्या अंगाने जाणारे अल्बम आले. जुलै २०१० मध्ये बँडने ओस्लो येथील राष्ट्रीय ऑपेरागृहात कार्यक्रम केला. पुढे त्रोम्सो येथील वाद्यवृंदासह केलेली 'मेस्से' (२०१३) ही रचना आणि पॉप संगीताकडे झुकणारा 'द अॅसॅसिनेशन ऑफ ज्युलियस सीझर' (२०१७) हा अल्बम प्रकाशित झाला. रिग याने नव्वदच्या दशकात 'बोर्कनागार' आणि 'आर्क्टुरस' या बँडसाठीही गायन केले.

प्रभाव आणि मूल्यमापन

ब्लॅक मेटल आणि लोकसंगीत यांचा मेळ घालणाऱ्या पुढील पिढीवर 'बेर्गतात्त'चा प्रभाव मोठा आहे. 'अॅगालॉक' या अमेरिकन बँडच्या 'पेल फोकलोर' (१९९९) या पहिल्या अल्बममधील निसर्गमय उदासी, साध्या गिटारचे दीर्घ भाग आणि स्वच्छ व कर्कश गायनाची आलटापालट यांचा विचार 'उल्व्हर'चे नाव घेतल्याशिवाय होत नाही. डेन्मार्कच्या अमाली ब्रून हिचा 'मिर्कुर' हा प्रकल्प याच परंपरेतील आहे. तिच्या 'एम' (२०१५) या पहिल्या पूर्ण अल्बमची निर्मिती क्रिस्टोफर रिग यानेच केली. वीस वर्षांनंतर प्रार्थनेसारखे गायन आणि किंचाळी यांचा तोच संयोग एका स्त्रीच्या आवाजात ऐकू आला.

अल्बमच्या मर्यादाही नोंदवण्यासारख्या आहेत. चौतीस मिनिटांचा अवधी पाच प्रकरणांच्या कथेसाठी तुटपुंजा वाटू शकतो. काही ठिकाणी शांत आणि तीव्र भागांमधील सांधे अचानक येतात; काही श्रोत्यांना तो नाट्यमय गुण वाटतो, तर काहींना रचनेतील उणीव. जुन्या भाषेमुळे आणि गायनाच्या शैलीमुळे शब्द केवळ ऐकून कळणे जवळजवळ अशक्य आहे. कथा समजून घ्यायची तर शब्द समोर ठेवून वाचावे लागतात.

असे असूनही या पदार्पणाचे महत्त्व कमी होत नाही. ज्या संगीताची ओळख त्या वेळी खून आणि जाळपोळ यांच्या बातम्यांपुरती उरली होती, त्याच संगीतातून कथा सांगता येते, भाषा जपता येते आणि भयासोबत कोमलताही व्यक्त करता येते, हे या अल्बमने दाखवून दिले. लोककथेचे जतन दोन प्रकारे होते: एक संग्रहात छापून आणि दुसरे नव्या पिढीने तिला आपल्या आवाजात पुन्हा सांगून. आस्ब्योर्नसेन आणि मो यांनी पहिले काम केले. दीडशे वर्षांनंतर ओस्लोतील काही तरुणांनी विद्युत गिटार हाती घेऊन दुसरे केले.